आप्पांची गाठ

आमचं घर विणकरांच्या वडगावातलं, म्हणजे माग आधी आणि माणसं नंतर. माझ्या वडिलांना, आप्पांना, जन्मभर एकच धास्ती: सूत तुटेल. आणि मी इंजिनिअरिंगला जाऊन ज्या उपग्रहाच्या नादी लागले, त्यात सगळी भिस्त दोरा तुटण्यावर. डब्याएवढा तो उपग्रह आम्ही पोरापोरींनीच बांधला. दुमडलेला अँटेना नायलॉनच्या दोऱ्याने बांधायचा; वर पोचल्यावर एक बारीक तार तापणार, दोरा जळणार, अँटेना उघडणार. नाही उघडला तर उपग्रह मुका.

चाचण्यांत सगळं जमलं. पण रॉकेटचे हादरे सोसणारी शेवटची गाठ आमच्यापैकी कुणालाच घट्ट बसवता येईना. आप्पांना आणते, असं मीच म्हटलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवरून आले, हातमोजे निमूट चढवले आणि बघता बघता गाठ मारून मोकळे झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा लाजले. मला इतका अभिमान त्यांचा कधीच वाटला नव्हता.

उपग्रह वर गेला आणि बोललाच नाही. कॉलेजच्या गच्चीवर आम्ही रोज कान लावून बसायचो. खरखर, आणि मधेच सांबऱ्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान. शेवटी आमच्या प्रकल्पाच्या सरांनी पाठवणीआधीचा फोटो पडद्यावर मोठा केला. तारेखाली दोऱ्याचा एक वेढा होता, तो हवाच होता. पण शेजारी, धग पोचणार नाही अशा जागी, दुसराही होता; तो जळलाच नसणार, अँटेना तसाच बांधलेला राहिला. एका वेढ्यावर मागवाल्याचा हात विसंबत नाही. आम्ही नुसते गाठीचं कौतुक करत राहिलो होतो. तपासलं कुणी, असं सरांनी विचारलं. आमचा म्होरक्या, खानापूरकडचा शेतकऱ्याचा पोरगा, म्हणाला, "मी, सर. माझंच चुकलं." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मला रडू आलं.

घरी आले तर आप्पांनी माग थांबवला. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

"न्हाय बोललं?"

मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"हादऱ्यानं माझी गाठ तर सुटली नसंल न्हवं गं?"

"न्हाय आप्पा," मी म्हटलं. "गाठ न्हाय सुटली."

त्यांनी सुटकेचा सुस्कारा सोडला आणि माग परत सुरू केला.