मंगळवारचा धबधबा

अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधतात. आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या सोसायटीत झाडाला वाढदिवसाचा फुगासुद्धा बांधू देत नाहीत. त्यामुळे बाबांचा कलश बेसमेंटमध्ये, माझ्या गाडीच्या डिकीत होता. मला त्याची लाज वाटत होती आणि सोसायटीचा संतापही येत होता.

गुरुजींनी कावेरी सुचवली होती. आईचं मात्र एकच टुमणं, आनेकलच्या पलीकडच्या धबधब्यावर जायचं. नागपूरचं घर विकून इथे आल्यापासून बाबांना या शहरातलं काही म्हणता काही आवडलं नव्हतं. एका रविवारी ते सोसायटीतल्या म्हाताऱ्यांबरोबर त्या धबधब्याच्या गावी जाऊन आले आणि मग कितीतरी दिवस तेवढंच बोलत राहिले. "तुला एकदा दाखवतो," असं आईला म्हणाले होते. ते राहूनच गेलं. बुधवारी दहावा होता, म्हणून आम्ही मंगळवारी निघालो.

गाव म्हणजे मूठभर घरं आणि चिप्सची पाकिटं लटकवलेली एक टपरी. तिथून पायऱ्या उतरलो. समोर कातळ कोरडा ठणठणीत. खाली सिमेंटच्या कुंडात हिरवट पाणी, आणि कातळाच्या माथ्यावरून डोकावणारा एक जाडजूड पाइप.

टपरीवाली अक्का मागोमाग आली. "नीरु इल्ला, सर. पानी नहीं. बारिश नहीं ना. शनिवार-रविवार मोटर चलता." माझ्या हातातला कलश पाहून तिचा आवाज उतरला. "आपके लिए चालू कराऊँ? स्वल्प बैठो."

हो म्हणावं आणि उरकून टाकावं, असंच मला वाटलं.

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

मी सांगितलं. ती कुंडाकडे बघत राहिली.

"म्हणजे खालचंच पाणी वर नेऊन परत सोडतात?"

"हो."

"मग हे जाणार कुठे?"

या शहरात बाबांना आवडलेली एकुलती एक गोष्ट तो पाइप होता, हे मनात आलं. आईने माझ्या हातातून कलश घेतला, पदराखाली झाकला आणि पायऱ्या चढू लागली.

पहाटे कावेरीवर जायचं ठरवून आम्ही परतलो. बेसमेंटमध्ये गाडी लावून मी डिकी उघडली, तर आई कलश देईना.

"बघितला हो तुमचा धबधबा," ती मांडीवरच्या कलशाला म्हणाली. मग मला म्हणाली, "तू जा वर. यांना वर नेता येत नाही ना."

आणि तिने गाडीचं दार आतून ओढून घेतलं.