पिवळा दिवा लागला तेव्हा

मी गाडी शिकले पंचावन्नाव्या वर्षी. तोवर घरात चालवायचे ते हेच. पण यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना, म्हणून आम्ही जुनी गाडी देऊन ऑटोमॅटिक घेतली. शिवाय डॉक्टरांनी यांना काही महिने स्टीअरिंगला हात लावायला मनाई केली, त्यामुळे गाडी माझ्याकडे आली.

समोर एवढा स्क्रीन, स्टीअरिंगवरही बटणं. मला धडकीच भरली. मग दुपारचा चहा झाला की आम्ही जुईनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाडीतच जाऊन बसू लागलो. हे गाडीची पुस्तिका मोठ्याने वाचायचे, मी बटणं दाबायची. एकदा भलतंच काही दाबलं गेलं आणि कोरड्या काचेवर वायपर कर्रकर्र फिरायला लागला. वॉचमन धावत आला.

"मॅडम, गाडी बंद पडली काय?"

"नाही हो, अभ्यास चाललाय," हे म्हणाले.

पुढे लायसन्स हातात आल्यावर एका रविवारी बंदराकडच्या द्रोणागिरीला नणंदेकडे जेवायला निघालो. रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर, मी जपून चालवत होते. अचानक समोरच्या मीटरवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखी खूण आणि मध्ये उद्गारचिन्ह.

"इंजिन गेलं! बाजूला घे, बाजूला घे!" हे ओरडले.

"इंजिनचा नाही हो तो. टायरमधली हवा कमी झालीय."

मी स्टीअरिंगवरचं बटण दाबत गेले, तसा स्क्रीनवर चारही टायरचा आकडा आला. मागच्या डाव्याचा कमी होता. पंप जवळच होता, तिथवर हळूहळू नेली. टायरमध्ये चांगला जाड खिळा घुसलेला निघाला.

पंक्चर काढणारा म्हणाला, "टायर तर फुगलेलाच दिसतोय. कळलं कसं तुमाला?"

मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "गाडीने सांगितलं, आणि हिला ते वाचता आलं."

नणंदेकडे सुरमई तळली होती. जेवता जेवता यांनी खिळ्याची गोष्ट दोनदा सांगितली. स्वतः ओरडले होते ते मात्र गाळलं. मीही गाळू दिलं.

एरवी मी चालवताना यांचा पाय सारखा नसलेला ब्रेक शोधत असायचा. परतताना बघते तर हे मान टाकून चक्क घोरत होते. मी एसी एक घर कमी केला, बटणाकडे न बघता.