कंट्रोलची काच

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका रुग्णालयात, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. तिथे कोल्हारची एक शेतमजूर बाई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरीचा चेहरा आणि हात काळ्या ठिपक्यांनी भरले होते, नाकावरची जखम वर्षभर भरत नव्हती. उन्हात गेली की कातडी सोलवटायची.

आमच्या सरांनी, प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी, आईला समजावलं. उन्हाने सगळ्यांच्याच कातडीतला डीएनए तुटतो, पण शरीरातलं एक एन्झाइम तो दुरुस्त करतं. या पोरीत तेच नाही. औषध नाही, ऊन लागू द्यायचं नाही, एवढंच.

बाईच्या कडेवर आठ महिन्यांची धाकटी होती. तिच्या कपाळावर बोट ठेवून बाई म्हणाली, "ह्यो ठिपका बगा. हिला बी तेच हाय का?"

सरांनी दोघींच्या कातडीचे बारीक तुकडे घेतले आणि पुण्याच्या एका संशोधक मित्राकडून अँटिबॉडी मागवली. इवल्याशा नळीत काही थेंब, फ्रीजच्या थंडीतच टिकणारे. ती नेमकी त्या एन्झाइमला चिकटते. मग रंग घातला की एन्झाइम असलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, नसलेल्यांची निळीच राहतात. कातडीचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन हे करायचं, आणि प्रत्येक वेळी एका निरोगी माणसाच्या कातडीची काचही सोबत लावायची. ती कंट्रोल. तीच तपकिरी झाली नाही, तर अँटिबॉडी वाया गेली असं समजायचं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे.

त्या आठवड्यात सर बाहेरगावी होते. दोन दिवस वीज नव्हती. फ्रीजमध्ये हात घातला तर आत कोमट लागलं. तरी मी काचा लावल्या. थेंब वाचवायचे म्हणून कंट्रोल लावली नाही.

दोन्ही काचा निळ्या आल्या.

बाई सकाळच्या एसटीने येऊन बाकावर बसली होती. मी दाराबाहेर पडताच उठली.

"बाई, काय आलं? लपवू नका."

सर येईपर्यंत थांबायचं होतं. पण तिच्याकडे बघून मी बोलून गेले, "ताई, धाकटीलाही तेच दिसतंय."

ती रडली नाही. पदर ओढून तिने धाकटीचं तोंड झाकलं आणि गेली.

सर परतले, काचा पाहिल्या. "कंट्रोल कुठंय?" मी नळीतले उरलेले थेंब दाखवले. "त्यांना आजच कळवा, निकाल पक्का नाही म्हणून."

मी पोस्टकार्ड टाकलं. पण त्यात लिहिलं, 'पुन्हा तपासणीसाठी यावे.' माझी चूक झाली, हे शब्द कागदावर उतरले नाहीत. कुणी आलं नाही. मीही पुन्हा लिहिलं नाही.

नवी अँटिबॉडी मिळायला सहा महिने गेले. दोघींच्या कातडीचे तुकडे मेणात जपलेले होते; या वेळी कंट्रोलसाठी मी माझ्याच दंडाची कातडी दिली. माझी काच तपकिरी. थोरलीची निळी. धाकटीची गडद तपकिरी. तिला काहीच झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हारला गेले. पत्र्याच्या खोलीला एकच खिडकी, तीही खताच्या गोण्यांनी बंद केलेली. नागापूरच्या कारखान्यात कामाला असलेला नवरा सुट्टीवर घरी होता. थोरली भिंतीकडे तोंड करून निजली होती. धाकटी चौदा महिन्यांची झाली होती. ती बसत होती, पण उभी राहत नव्हती. मनगटं जाड, पाय धनुकलीसारखे वाकलेले. मला लगेच कळलं. मुडदूस. ऊन न मिळाल्याने झालेला.

मी सगळं सांगितलं. फ्रीजचं, न लावलेल्या काचेचं, पोस्टकार्डाचंही.

नवरा म्हणाला, "म्हंजी आमी तिला उगंच कोंडली?"

"हो."

बाई पोरीचे पाय चाचपत राहिली. मग म्हणाली, "येक काच म्हनती हाय, दुसरी म्हनती न्हाई. आता मी कुनाचं ऐकू?" मी गोण्या काढायला पुढे झाले, तशी ती ओरडली, "हात लावू नका!"

आठवड्याने नवऱ्यानेच धाकटीला रुग्णालयात आणलं. औषध सुरू झालं. अडीच वर्षांची झाल्यावर ती चालू लागली, फेंगडे पाय टाकत. थोरली त्याआधीच्या हिवाळ्यात गेली. नाकावरच्या जखमेचा कर्करोग झाला होता. शेवटच्या दिवसांत मी वॉर्डात जाई, तेव्हा बाई उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राही.