उजवीकडून पहिला

अचलपूरच्या वली मिस्त्रीनं एसटीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढली. बस फाटकातून आत यायच्या आधीच आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. निवृत्त झाला आणि त्याचा हात थरथरायला लागला. मग नाकावर माशी बसू न देणाऱ्या या माणसानं पान्ह्याला हात लावणंच सोडलं. अंगणात ताडपत्रीखाली दोन दारांची, बिनटपाची जुनी स्पोर्ट्स कार उभी होती. परतवाड्याच्या एका डॉक्टरांनी गाव सोडताना ती त्याच्या हवाली केली होती. "रिटायर झालो का इंजिन बांधतो," असं तो वीस वर्षं म्हणत आला. आणि एका सकाळी म्हणाला, "भंगारवाल्याले बोलावतो."

हे त्याच्या बायकोनं, फरजानानं ऐकलं. गाडीचं तिला काही नव्हतं. पण गाडी गेली की आपला नवरा खाटेवरून उठायचा नाही, हे तिला कळत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती. ती सरळ म्हणाली, "डोकं तुमचं, हात माहे. आपण बांधू इंजिन."

"तू ब्लाऊज शिवते, फरजाना."

"मंग? ब्लाऊज काय सोपं असते? तुमी शिवून दाखवा."

शेजाऱ्यांनी इंजिन साखळीनं उचलून बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी आणून ठेवलं. वली खुर्चीवर, फरजाना खाली फतकल मारून. तो सांगायचा, ती करायची. बायका ब्लाऊज न्यायला यायच्या आणि तिचे काळे हात पाहून नंतर येतो म्हणायच्या. कापडाचा पोत चिमटीत ओळखणाऱ्या तिच्या बोटांनी पिस्टनची एक रिंगसुद्धा मोडली नाही. तरी वली खेकसायचाच. "नट हाय थो, ब्लाऊजचा हूक नाई!" पण सांगता सांगता त्याचा हात पुढे आला, की तो पटकन खिशात घालायचा. तेव्हा फरजाना उगाच दुसरीकडे बघायची.

तीन महिन्यांनी इंजिन परत गाडीत बसलं. प्लगच्या नव्या वायरी तेवढ्या राहिल्या होत्या. वलीनं लांबूनच सांगितलं, "एक नंबरची वायर पहिल्या प्लगले. मंग दोन, तीन, चार." तिनं लावल्या आणि आत बसून सेल्फ मारला. फाट्! कार्बोरेटरातून धूर आला, कोंबड्या पळाल्या. पुन्हा मारला, पुन्हा फाट्.

"राहू दे," वली म्हणाला. "बोलावतो त्या भंगारवाल्याले."

फरजाना रडकुंडीला आली. खाली उतरून म्हणाली, "मी कुठं चुकली थे तं सांगा! पहिला प्लग हाच हाय ना?" तिनं बोट ठेवलं ते चारांतल्या अगदी उजवीकडच्या प्लगवर.

वली बघतच राहिला. फरजाना उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिची ओळ जन्मभर उजवीकडूनच सुरू झालेली. आणि पहिला प्लग होता डाव्या टोकाला, पंख्याजवळ. वलीला हसू आवरेना. "अरे वा! तू तं इंजिन उर्दूत वाचलं!"

हसता हसताच तो उठला आणि चारही वायरी उपसल्या. हात कापतच होता. पहिल्या वायरीची टोपी प्लगवरून घसरली, पुन्हा घसरली. फरजानाचे हात शिवशिवत होते. तिनं ते ओढणीत गुंडाळून धरले. तिसऱ्यांदा टोपी खट्कन बसली. मग उरलेल्या तिन्हीही बसल्या, आपापला वेळ घेऊन.

"मार सेल्फ."

इंजिन एकदा खोकलं आणि धडधडू लागलं. फरजाना आनंदानं ओरडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वली मात्र कपाळाला आठ्या घालून, कान लावून उभा.

"बंद कर," तो म्हणाला. "एक व्हॉल्व्ह वाजून राहिला. उद्या खोलू परत. आन् पान्हे माह्या हाताशी ठेवजो."

फरजानानं चावी फिरवली. एवढं ऐकायलाच तर तिनं तीन महिने हात काळे केले होते.