अर्ज दोनदा परत पाठवणारी कंपनी

गच्चीवर मोबाईल टॉवर बसवून देण्याच्या जाहिराती जोरात होत्या, तेव्हाची ही घटना मला आजही लख्ख आठवते. मी शहराच्या जुन्या भागातल्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. सकाळची हजेरी चालू असताना कसबा पेठेतल्या साठीच्या एक बाई काठी टेकत आल्या आणि टेबलावर जाडजूड फाईल आपटली.

"ह्यांच्या या फायलीत माझे गुडघे अडकलेत," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव उद्या मोडायला निघालेत."

यजमान सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. टॉवरचं भाडं दरमहा मिळणार म्हणून त्यांनी नोंदणी, विमा आणि परवाना अशी तीनदा फी भरली होती. ठेव चौथ्या, 'शेवटच्या' फीसाठी हवी होती. मी त्यांना बोलावून घेतलं.

"काका, ही फसवणूक आहे."

"अहो मॅडम, चोर असते तर पहिल्याच दिवशी पैसे उकळले असते. यांनी माझा अर्ज दोनदा परत पाठवला! एकदा साक्षीदाराची सही नाही म्हणून, एकदा फोटो जुना म्हणून. मी जन्मभर हेच केलंय. खरी कचेरी मला कळते."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. "मग तुम्हीही एक त्रुटी काढा," मी म्हटलं. "जागेच्या पाहणीचा अहवाल कुठाय?"

त्यांनी फाईल दोनदा चाळली. मग चष्मा काढून ठेवला. "अहवालाशिवाय मी कुणाचा कागद पुढे सरकवला नसता," एवढंच म्हणाले, आणि फिर्यादीवर सही केली.

माझ्या सांगण्यावरून आमच्यासमोरच त्यांनी कंपनीला फोन लावला. "पाहणी झाल्याशिवाय फी नाही. अधिकारी पाठवा, रोख देतो."

तिसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस टेप घेऊन गच्ची मोजू लागला. तिथे कपडे वाळत घालणारी बाई आमची शिपाई होती.

चौकशीत मी त्याला विचारलं, "अर्ज परत कशाला पाठवायचात?"

"मॅडम, वैतागून सोडणारा पुढे पैसे भरत नाही. जो पुन्हा नीट भरून पाठवतो, तो शेवटपर्यंत भरतो."

त्याने दाखवलेल्या वाघोलीच्या खोलीत रबरी शिक्के आणि असे बरेच अर्ज सापडले. पंचनामा झाला, साथीदारही पकडला. तीन फींपैकी थोडेच पैसे परत मिळाले. ठेव मात्र वाचली आणि बाईंचं ऑपरेशन झालं.

तोवर माझी समजूत होती की हावरट माणसंच फसतात. कागद जपणारी, शिस्तीची माणसंही फसतात, कारण आपण सोसलेला त्रास त्यांना खरेपणाचा पुरावा वाटतो. तुम्हाला पैसे देणार म्हणणाऱ्यानेच आधी फी मागितली, तर सरळ सांगा, "माझ्या भाड्यातून कापून घ्या." का कापता येत नाही, याची तो दहा कारणं देईल. पहिल्याच कारणाला फोन ठेवा.