कुंताबाईंच्या नावावरची स्प्रिंग

कुंताबाईंकडून मी वीस वर्षं वांगी घेत आलो आहे. सेलूच्या आठवडी बाजारात त्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसतात. प्रत्येक वांगं देठाशी दाबून पाहतात, मगच तराजूत टाकतात. वय त्र्याहत्तर. नवरा प्रेमदास जाऊन बारा वर्षं झाली. कालव्याच्या पाण्यावरचं दीड एकर वावर त्या सून सरिताला सोबत घेऊन करतात. मुलगा कैलास बुटीबोरीच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येणारा. कुंताबाई सातवी शिकल्या आहेत. त्या काळी गावात सातवी झालेल्या मुली दोनच होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण वाचता येत होतं म्हणून त्या वाचल्या. अण्णाजी वाचले नाहीत.

अण्णाजी म्हणजे त्यांच्या धुऱ्याला लागून असलेल्या वावराचे मालक. वय शहात्तर. पाण्याच्या पाळीवरून दोघांची तीस वर्षांची कटकट. "वहिनी, आज पाळी माही होती," असं म्हणत ते यायचे, भांडायचे आणि चहा पिऊन जायचे.

गेल्या हिवाळ्यात गावच्या समाजमंदिरात शिबिर लागलं. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाचं कार्ड निघणार, घरची कमाई कितीही असो. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार, यादीतल्या दवाखान्यात रुपया भरायचा नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

कार्ड काढायला ग्रामपंचायतीतला रत्नदीप बसला होता. निंदण-खुरपणानं कुंताबाईंचा अंगठा इतका झिजलेला की मशीन तो घेईना. मग त्यानं मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला, "आजी, डोळ्यांची उघडझाप करा," म्हणाला, आणि कार्ड निघालं.

"माह्या गुडघ्याच्या गोळ्या भेटते काय याच्यात?" कुंताबाईंनी विचारलं.

"नाई आजी. नुसतं दाखवून आले, गोळ्या घेतल्या, तर ते खिशातून. भरती झालं तरच कार्ड चालते. भरतीच्या आधीच्या तीन दिवसांच्या तपासण्या आन् सुट्टी झाल्यावर पंधरा दिवसांच्या गोळ्या तेवढ्या त्याच्यात येते."

"म्हणजे उभ्या माणसाले पैसे लागते, आन् निजला की फुकट?"

लोक हसले. रत्नदीपही हसला. पण समाजमंदिराच्या दुसऱ्या टोकाला पांढरे कोट घालून जे बसले होते, त्यांचा सगळा धंदाच या एका नियमावर उभा होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ती माणसं नागपूरच्या बाजूच्या एका खाजगी दवाखान्याची होती. प्रत्येकाच्या छातीला वायर चिकटवून त्यांनी कागदाची पट्टी काढली. अकरा पट्ट्यांवर लाल पेनानं गोल ओढला. त्यात कुंताबाई होत्या, अण्णाजी होते.

"आजी, हृदयाची नस बंद होत आली आहे. स्प्रिंग टाकून उघडावी लागेल. उद्या सकाळी गाडी येईल. आधार आणि कार्ड घ्या, दोन कपडे घ्या."

"सुनेले घेऊन येतो मी."

"सोबत कोणी नको. गाडीत जागा नाही."

घरी त्यांनी कैलासला फोन लावला. "फुकट होऊन राह्यलं तर जाऊन ये माय," तो म्हणाला. "मले आता सुट्टी भेटत नाई."

सकाळी पांढरी गाडी आली. तिच्यावर दवाखान्याचं नाव नव्हतं आणि काचांना काळा कागद लावलेला होता. अकरा म्हातारी माणसं आत बसली. अण्णाजींनी नवं धोतर नेसलं होतं.

दवाखाना मोठ्या रस्त्यापासून बराच आत होता. दाराशीच सगळ्यांच्या चपला काढून घेतल्या, एकेका पिशवीत घातल्या, पिशवीला चिठ्ठी बांधली. तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, दोन्हीकडे खाटा, आणि सगळ्या खाटांवर म्हातारी माणसं. कुंताबाईंना पहिल्यांदा खटकलं ते हे, की तिथं आवाजच नव्हता. आपल्याकडे एक माणूस भरती झाला तर चार माणसं खाटेभोवती असतात. डबा येतो, कुणी रडतं, कुणी डॉक्टरशी भांडतं. इथं एकाही खाटेजवळ डबा नव्हता. ज्याचं कुणी आहे असा एकही माणूस त्या खोलीत दिसत नव्हता.

एका पोरीनं येऊन सलाईनची सुई लावली. दुसऱ्यानं मोबाईलवर फोटो काढला. "निजा आजी. डोळे मिटा. हां, झालं." फोटो निघाल्यावर सुई तशीच राहिली, बाटली मात्र काढून पुढच्या खाटेवर नेली.

शेजारच्या खाटेवर अल्लीपूरच्या देवकाबाई होत्या.

"तुमाले काय झालं वो बाई?" कुंताबाईंनी विचारलं.

"मले? गुडघे. डोळ्याले बी कमी दिसते. मोतीबिंदू काढून देतो म्हणे, म्हणून आली."

देवकाबाईंच्या पायथ्याशी फाईल लटकत होती. कुंताबाईंनी उठून ती उघडली. बरंचसं इंग्रजीत होतं, पण एक छापील कागद मराठीत होता. 'तीन महिन्यांपासून छातीत दुखते, घाम येतो, चालताना दम लागतो.' त्यांनी आपली फाईल उघडली. तीच ओळ. पलीकडच्या म्हाताऱ्याची उघडली. तीच. अण्णाजींची खाट दाराशी होती, त्यांचीही तीच. आणि प्रत्येक कागदाच्या खाली निळ्या शाईचा अंगठा.

कुंताबाईंनी आपला अंगठा पाहिला. स्वच्छ होता. त्या कुठंही सही करतात, अंगठा लावत नाहीत. आणि लावला असता तरी तो असा ठळक उमटला नसता.

"माह्या सगळ्या अंगाले गार सुटलं," त्यांनी मला पुढे सांगितलं. "वाटलं, आपून मरून गेलो आन् आपला कागद कोनीतरी भरून राह्यला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाजींना आत नेलं. तासाभरानं आणलं तेव्हा मनगटाला पट्टी होती आणि चेहरा हसरा.

"वहिनी, घेऊन टाका. काईच होत नाई. पडद्यावर दाखवली मले स्प्रिंग."

"अण्णाजी, तुमची छाती कधी दुखली होती काय?"

"नाई."

"मंग टाकली काऊन?"

"आता टाकली ना. सरकारची हाय, राहू द्या."

पुढचा नंबर कुंताबाईंचा होता. डॉक्टर आले तेव्हा त्या खाटेवर उठून बसल्या होत्या.

"मले नाई करायचं."

"आजी, तुमची मंजुरी आली आहे. आता नाही म्हणता येत नाही."

"मंजुरी कोनाची? मी त देल्ली नाई."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. थोड्या वेळानं गुलाबी शर्टातला एक माणूस आला. तो खाटेवरच बसला, अगदी घरच्यासारखा. "जायचं असेल तर जा आजी. फक्त आतापर्यंतच्या तपासण्यांचे बावीस हजार खाली भरा."

"फुकट हाय म्हनलं होतं ना?"

"ऑपरेशन केलं तर फुकट."

खाली दाराजवळ योजनेच्या माणसाचं टेबल येताना त्यांनी पाहिलं होतं. लोकांच्या अडचणी सोडवायला सरकारनं बसवलेला माणूस, असं पाटीवर लिहिलेलं. खुर्ची तेव्हाही रिकामी होती. त्यांनी गुलाबी शर्टवाल्याला विचारून पाहिलं. "तो रजेवर आहे," तो म्हणाला, आणि दार ओढून निघून गेला.

कुंताबाईंनी हातातली सुई स्वतः उपसली, जागेवर पदर दाबून धरला आणि जिन्यानं खाली उतरल्या. गेटवरच्या चौकीदारानं अडवलं.

"कुठं चालल्या?"

"पोरगा आला पैसे घेऊन. त्याले गेट सापडून नाई राह्यलं."

पैशाचं नाव ऐकून त्यानं गेट उघडलं. चपला आतच राहिल्या. त्या गिट्टीच्या रस्त्यानं अनवाणी मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या, मागं न पाहता. देवकाबाईंना सांगून यायला पाहिजे होतं, हे त्यांना एस्टीत बसल्यावर आठवलं. ते शल्य त्यांना आजही आहे.

घरी आल्यावर कुणी शाबासकी दिली नाही. कैलास फोनवर चिडला. "तू पळून काऊन आली माय? लोकं लाखो रुपये मोजते त्या ऑपरेशनले." दुसऱ्या दिवशी सरिता त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. चिठ्ठी काढली, पुन्हा छातीला वायर लावून पट्टी काढली. तिथल्या बाई म्हणाल्या, वयाच्या मानानं हृदय चांगलं आहे.

पाचव्या दिवशी कैलासच्या मोबाईलवर संदेश आला. कार्डाला नंबर त्याचाच जोडलेला होता. कुंताबाईंवरचा हृदयाचा उपचार पूर्ण झाला, अमुक रक्कम त्यांच्या पाच लाखांतून वळती केली. कैलासनं तो संदेश वाचला, पुन्हा वाचला. त्या शनिवारी तो घरी आला आणि मोबाईल आईच्या हातात दिला.

बाकीचे दहाही जण तोवर घरी परतले होते. दहांनाही स्प्रिंग. प्रत्येकाच्या हातात गोळ्यांचं पाकीट आणि इंग्रजीतली चिठ्ठी. अण्णाजी गोळ्या घड्याळ लावून घ्यायचे. सोळाव्या दिवशी धुऱ्यावर भेट झाली तेव्हा कुंताबाईंनी विचारलं, "गोळ्या घेतल्या?"

"सरल्या. सरकारनं पंधरा दिवसांच्याच देल्ल्या, म्हणजे तेवढ्याच लागत असन."

कुंताबाईंना ते पटलं. त्यांनी मान हलवली. "हो, तसंच असन," म्हणाल्या. पंधरा दिवस हे त्यांनीही रत्नदीपच्या तोंडून ऐकलेलं होतं.

चार दिवसांनी अण्णाजी कालव्याचं पाणी वळवायला गेले आणि परत आले नाहीत. पाणी रात्रभर कुंताबाईंच्या वावरात येत राहिलं. सकाळी वांग्यात घोट्याएवढं पाणी पाहून त्या भांडायला म्हणून निघाल्या, तर ते पाण्याच्या दांडाच्या कडेला गार होऊन पडलेले होते, फावड्याच्या बाजूला.

सेलूच्या डॉक्टरांनी अण्णाजींची चिठ्ठी वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कधी बंद केल्या?" मग त्यांनी समजावून सांगितलं. स्प्रिंग टाकली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या निदान वर्षभर घ्याव्याच लागतात. मध्येच सोडल्या तर स्प्रिंगमध्येच रक्त गोठतं. पंधरा दिवस ही कार्डाची मुदत होती. पुढच्या गोळ्या ज्यानं त्यानं विकत घ्यायच्या. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं, इंग्रजीत.

कुंताबाई तिथून घरी गेल्या नाहीत. त्या थेट उरलेल्या नऊ घरी गेल्या. सहा घरी पाकिटं रिकामी झाली होती. दोघांनी तर ती फेकूनही दिली होती. सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून त्यांनी औषधाच्या दुकानातून नावं मराठीत लिहून आणली. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च ऐकून एक म्हातारी म्हणाली, "फुकटाच्या स्प्रिंगले एवढे पैसे?"

तक्रार रत्नदीपनं लिहिली. कार्ड त्यानंच काढलं होतं. महिन्याभरानं चौकशीला दोन माणसं आली. स्प्रिंगची नळी आत घातल्याची खूण आहे का म्हणून त्यांनी कुंताबाईंची दोन्ही मनगटं उजेडात धरून पाहिली, मांडीजवळ खूण नाही हे बाईमाणसाकडून तपासून घेतलं. फाईलमध्ये त्यांच्या नावानं लावलेली हृदयाची फिल्म दुसऱ्याच कुणाची तरी होती. कुणाची, ते अजून कळलेलं नाही. दवाखान्याचं नाव योजनेच्या यादीतून काढून टाकण्यात आलं. पुढचं प्रकरण चालू आहे. त्या दहांपैकी कुणाला स्प्रिंगची खरोखर गरज होती आणि कुणाला नव्हती, हे आता खात्रीनं सांगता येत नाही, असं त्या अधिकाऱ्यानं जाताना म्हटलं.

यंदाच्या उन्हाळ्यात टोपलं उचलताना कुंताबाईंच्या डाव्या खांद्यात कळ आली. या वेळी मात्र खरी. सरितानं त्यांना वर्ध्याला नेलं. तरुण डॉक्टरनं संगणकात कार्डाचा नंबर घातला.

"आजी, स्प्रिंग टाकून सहा महिनेही झालेले नाहीत. गोळ्या चालू आहेत ना?"

"मले स्प्रिंग नाई."

"इथं आहे."

सरितानं चौकशीचा कागद काढून दाखवला. डॉक्टरनं तो वाचला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, मग कुंताबाईंकडे. दोन दिवस भरती ठेवून त्यानं सगळ्या तपासण्या केल्या. खांदा भारानं आखडला होता, एवढंच निघालं. नोंद दुरुस्त करायचा अर्ज अजून प्रक्रियेत आहे.

"बेसुद्ध होऊन गेली असती तर?" कुंताबाईंनी मला बाजारात विचारलं. "सरिता नसती सोबत, तर त्या डॉक्टरनं कोनाले पाह्यलं असतं? मले का त्या कागदाले?"

मी वांगी घेतली.

परवा सरिता भेटली. नऊपैकी दोघांनी गोळ्या पुन्हा बंद केल्या आहेत, म्हणाली. परवडत नाही म्हणतात, आणि अंगात तर काही वाटत नाही. कुंताबाई रोज सकाळी वावरात जाताना वाट वाकडी करून त्या दोन घरांवरून जातात. दारात उभं राहून हाक मारतात, आणि आतून आवाज येईपर्यंत हलत नाहीत.