मोठ्या आईच्या तोंडी माझं नाव

माझं नाव चुकवण्यात माझ्या मोठ्या आईचा हात धरेल असं माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या मुलखात सापडायचं नाही. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तशी नाव चुकवणारी माणसं मला आयुष्यात कमी भेटलेली नाहीत. माझं नाव लटारी. आमच्या ब्रह्मपुरीकडच्या गावात या नावानं हाक मारली, तर अजूनही एखादं म्हातारं माणूस ओळखीनं मान वर करील. पण चंद्रपूरच्या माझ्या ऑफिसात बाहेरून बदलून आलेला प्रत्येक साहेब ते आधी आडनाव समजतो, मग नाव विचारतो आणि तेच उत्तर मिळालं की माझ्याकडे सहानुभूतीनं पाहतो. लग्नपत्रिकेवर माझा नटराज झालेला आहे, दवाखान्यात माझा लहरी झालेला आहे. मी प्रत्येकाला एकदा सांगतो आणि सोडून देतो. पन्नाशी जवळ आली की माणूस स्वतःच्या नावासाठीसुद्धा फार वेळ भांडत नाही. पण ही सगळी परकी माणसं. मोठ्या आईनं तर मला पाळण्यात पाहिलेलं आहे.

तिच्या तोंडी मी सकाळी वासुदेव असतो, दुपारी मनोहर आणि दिवेलागणीला बाजीराव. मधूनच तुळशीराम. तिची स्मरणशक्ती कमी आहे म्हणावं, तर तसंही नाही. तिला सहा गावांतल्या सोयऱ्यांच्या सुना-नातवंडांची नावं पाठ. गोठ्यातल्या प्रत्येक गाईला तिनं नाव दिलेलं, आणि शेतातल्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांनासुद्धा. कुठली बांधी ‘सखू’ आणि कुठली ‘थोरली’ यात तिची कधी चूक व्हायची नाही. गावात आलेल्या तलाठ्याचं, त्याच्या आधीच्या तलाठ्याचं आणि त्या आधीच्या तलाठ्याच्या बायकोचं नाव ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. चुकायचं ते फक्त माझ्या नावाशी.

याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. लटारी हे माझ्या आजोबांचं नाव. ते गेले त्यानंतर मी जन्मलो, आणि त्यांचं नाव माझ्या गळ्यात पडलं. आता आजोबा म्हणजे मोठ्या आईचे सासरे, आणि सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. माझी आई शाळेत शिकवणारी, ती असलं काही पाळायची नाही, खुशाल नावानं हाक मारायची. मोठी आई मात्र पाळायची, आणि असं पाळायची की देवळामागच्या किराणा दुकानाच्या मालकाचं नाव तेच निघालं, तर ती त्या दुकानातून आणलेल्या गुळालाही ‘देवळामागचा गूळ’ म्हणायची. बाकीच्या घरांत अशा वेळी पोराला बापू किंवा गुड्डू म्हणतात आणि विषय संपतो. हिनं मला टोपणनाव काही ठेवलं नाही. रोज नवं, सरळसरळ चुकीचं नाव. आणि मी दरवेळी म्हणायचो, ‘‘मोठी आई, माझं नाव लटारी आहे.’’ त्यावर ती म्हणायची, ‘‘असं काय? असन बापा.’’ आणि कामाला लागायची.

याचे भोग मी लहानपणापासून भोगले. ब्रह्मपुरीच्या शाळेत वसतिगृहावर होतो तेव्हा ती एकदा बसनं सांबारवडी घेऊन आली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि तिच्या हातची सांबारवडी म्हणजे वसतिगृहातल्या पोरानं स्वप्नात पाहायची वस्तू. तिनं फाटकावर तुळशीरामला बोलवा म्हणून सांगितलं. आमच्यात एक खरा तुळशीराम होता. तो आला, पाया पडला आणि डबा घेऊन गेला. मी मैदानावरून परतलो तेव्हा तो बोटं चाटत होता. पुढे मी तिच्यावर रागावलो, तर तिनं शांतपणे सांगितलं, की त्या पोरालाही भूक असेलच की. हे उत्तर झालं का? पण तिच्याशी वाद घालणं म्हणजे चिखलणीच्या बांधीत धावणं, दमायचं आपणच.

लग्नाच्या वेळी तर तिनं कमालच केली. मुलीकडचे लोक मला पाहायला आले होते. मोठी आई पोह्यांचं ताट घेऊन बैठकीत आली आणि कौतुकानं म्हणाली, हा आमचा मनोहर, स्वभावानं गरीब आहे. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी हातातला घास बशीत ठेवला. त्यांना स्थळ सांगितलं होतं लटारीचं. समोर बसवला होता मनोहर. म्हणजे खरा मुलगा लपवला की काय, त्याला काही व्यंग आहे की काय, अशा शंका त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होत्या. वडिलांनी बराच वेळ खर्ची घालून रीत समजावली, शेजाऱ्यांनी साक्षी दिल्या, आणि त्या सगळ्या गडबडीत माझं नाव बैठकीत इतक्यांदा घेतलं गेलं की मलाच त्याचा कंटाळा आला. मोठी आई दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं ऐकत उभी होती. स्वतः लावलेल्या आगीकडे इतक्या समाधानानं पाहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि घरात आलेल्या नव्या सुनेकडून तिनं प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर उखाणा घेववला, अगदी गोठ्याच्याही.

मार्कंड्याच्या जत्रेतली गोष्ट मात्र आठवली की अजून मला घाम फुटतो. महाशिवरात्रीला मी तिला दर्शनाला घेऊन गेलो होतो. वैनगंगेच्या काठावर ही गर्दी, आणि त्या गर्दीत बाई हरवली. मी ऊन डोक्यावर घेत शोधत राहिलो, तर लाउडस्पीकरवरून पुकारा आला, की ब्रह्मपुरीकडच्या एक बाई आपल्या पुतण्याची वाट पाहत आहेत, पुतण्याचं नाव बाजीराव. थोड्या वेळानं त्याच आवाजानं सांगितलं, की नाव वासुदेव. मग तो आवाज थोडा थकला आणि म्हणाला, की मनोहर असण्याचीही शक्यता आहे. मी धावत मंडपात गेलो. पुकारा करणाऱ्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, यातले तुम्ही कोणते? मी म्हटलं, यातला कोणीच नाही. तो बाईला माझ्या हवाली करायला तयार होईना. मी नाव सांगितलं, त्यानं तिला विचारलं, हे नाव बरोबर आहे का? तिनं पदर डोक्यावर ओढून नुसती मान हलवली. त्या बिचाऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि माईकवरून जाहीर केलं, की लटारी सापडले आहेत, लटारी सुखरूप आहेत. हरवली ती, आणि सापडलो मी. सगळ्या जत्रेत माझ्या नावाचा घोष चालला होता आणि मोठी आई खुर्चीवरून उठायला तयार नव्हती. म्हणाली, ‘‘बस ना जरासा. काऊन घाई करून राह्यला?’’

पुढे मी दमलो. आई गेली, वडील गेले, मोठे बाबा गेले. गावी मोठी आई एकटी, शेजारची बाई सोबतीला. मी महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या सुटीला जायचो. ती वासुदेव म्हणाली की मी ओ द्यायचो, मनोहर म्हणाली तरी ओ द्यायचो. बाहेर सगळीकडे नाव सांगून थकलेल्या माणसानं घरीही तेच काम करावं, एवढा उत्साह आता राहिला नव्हता. मला वाटलं, हा शहाणपणा झाला, तिलाही बरं आणि मलाही.

पण ती खंगायला लागली. शेजारच्या बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की तू येऊन गेलास की दोन दिवस बाई नीट जेवत नाही. मला वाटलं, एकटेपणा असेल. म्हटलं, तिला चंद्रपूरला घेऊन जावं. या हिवाळ्यात गेलो तेव्हा ती अंगणात उन्हाला बसून लाखोळीची डाळ निवडत होती. तिनं मला बाजीराव म्हणून जवळ बोलावलं. मी हं म्हणून बसलो. तिचा सुपावरचा हात थांबला.

‘‘तू मायावर नाराज हायेस काय?’’ तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं.

‘‘मंग आताशा काऊन सांगत नाई? पयले मी चुकली का सांगे ना तू.’’

मी म्हटलं, तुला तर सगळं माहीत आहे, मग सांगून काय करायचं? ती बराच वेळ डाळीतून बोटं फिरवत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तिला मूल झालं नाही तेव्हा सगळे सोयरे बैठकीत जमले होते, मोठ्या बाबांचं दुसरं लग्न लावून द्यायला. तिला घेऊन जा म्हणून तिच्या माहेरी निरोपही गेला होता. त्या बैठकीत एकटे आजोबा उठले आणि म्हणाले, की सून इथेच राहील, हा विषय पुन्हा या घरात निघायचा नाही. तो निघाला नाही. काही वर्षांनी ते गेले, मग मी झालो. माझं नाव वडिलांनी ठेवलं, असं मी जन्मभर समजत होतो आणि मनातल्या मनात त्यांना बोल लावत होतो. आईला तर नव्या वळणाचं नाव हवं होतं. हट्ट मोठ्या आईनं धरला होता.

‘‘मामाजीचं नाव मले घेता येत नाई,’’ ती म्हणाली. ‘‘पण आयकाले कोण मना करते? मी चुकीचं म्हणो, आन कोणी ना कोणी खरं सांगे. तुया मायनं सांगितलं, तुया बापानं सांगितलं, मंग तूच सांगत राह्यला. आता घरात कोणीच नाई घेत ते नाव.’’

खरंच कोणी घेत नाही. माझी बायको अहो म्हणते, मुलं बाबा म्हणतात, ऑफिसात आडनाव चालतं. सूप मी माझ्याकडे ओढलं आणि खडे निवडत बसलो. मला फार वाईट वाटलं, आणि हेही वाटलं, की माझ्या नावात माझं म्हणून किती थोडं होतं.

चंद्रपूरला यायला ती तयार झाली नाही. आता मी तिला रोज संध्याकाळी फोन करतो. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागतं, आणि शेजारच्या गॅलरीतली माणसं वळून पाहतात. ती विचारते, कोण वासुदेव काय? मी सांगतो, नाही मोठी आई, मी लटारी. मग ती म्हणते, ‘‘असं काय? बरं बापा. जेवला काय, मनोहर?’’